मागची बाजू उंचच राहू द्या

रिकामी एसयूव्ही सपाट जागेवर उभी करून बाजूने पाहिली, तर बहुतेक गाड्यांची मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी उंच दिसते. देवगड-जामसंड्यात नवी गाडी घेणाऱ्या काही तरुणांना हे खुपते. गाडी नाकावर वाकल्यासारखी वाटते म्हणून मागच्या स्प्रिंगा कापायच्या, नाहीतर बाजारातल्या आखूड स्प्रिंगा घालायच्या आणि तिला तीस-चाळीस मिलिमीटर खाली बसवायचे. मग ती एका रेषेत, रुबाबात उभी राहते. या हौसेला माझा विरोध आहे. मात्र तिच्या बाजूने जे बोलले जाते त्यातले सगळे खोटे नाही, म्हणून आधी तेच घेतो.

सर्वांत वजनदार मुद्दा वळणांचा. फोंडा किंवा करूळ घाटात उंच गाडी अंग टाकते, ती खाली आणली की रस्ता धरते, असे सांगतात. गुरुत्वमध्य उतरला की गाडी उलटण्याचा धोका घटतो हे मान्यच आहे. पण किती घटतो? गुरुत्वमध्य जमिनीपासून सातशे मिलिमीटरवर धरा. नुसती मागची बाजू चाळीसने खाली गेली तर तो साधारण वीसनेच उतरेल, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. छतावरच्या कॅरिअरवर चार आंबापेट्या चढवल्या की एवढा फायदा पार संपतो. शिवाय सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर उरलेली स्प्रिंग सुमारे वीस टक्क्यांनी ताठर होते, आणि शॉक मात्र जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा राहतो. चाकाला वर जायला उरलेली जागाही आखडते. मग खड्डा आला की सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आदळते, आणि ऐन वळणावर ते आदळले तर चाक रस्ता सोडते. ज्या पकडीसाठी स्प्रिंग कापली, ती पकडच नेमक्या वेळी जाते.

म्हाताऱ्या आईवडिलांना चढायला सोपे जाते, हा दुसरा मुद्दा. त्यांच्यासाठी दाराखाली पायरी बसवून घ्यावी, ती जास्त उपयोगी पडेल. मायलेज वाढते म्हणणाऱ्यांनी आपल्या रस्त्यांवर गाडी किती वेगाने धावते ते आधी पाहावे.

मुळात मागची बाजू उंच असते ती का? उत्तर आपल्या बागांतच मिळते. हंगामात कलमांखाली रिकामी येऊन लागणारी पिकअप बघा. मागचे पाटे कमानीसारखे वर उचललेले असतात. पेट्यांचे थर चढत जातात तसे पाटे सरळ होतात, आणि भरलेली गाडी सपाट होऊन तळेऱ्याच्या दिशेने निघते. एसयूव्हीच्या गुंडाळी स्प्रिंगांचे गणितही हेच आहे. मागची सीट आणि डिकी भरल्यावर गाडी समतल यावी, म्हणून रिकामेपणी ती मागून उंच ठेवलेली असते. ज्याला आपण दोष म्हणतो ती ओझ्यासाठी राखलेली जागा आहे.

आणि आपल्याकडे गाडी रिकामी असते कधी? चतुर्थीला मुंबईहून निघालेल्या गाडीत आजी-आजोबांपासून पोराबाळांपर्यंत सगळे असतात. डिकीत मखराचे सामान, कपडे, खाऊ. आणि हे सगळे भर पावसात. महामार्ग सोडला की पुढे वाडीत जाणारी वाट जांभ्याची, मधोमध उंचवटा आणि दोन्ही बाजूंना पाण्याने खणलेले चर. कुठे मोरीवरून पाणी वाहत असते. परतीला तांदूळ, नारळ, सोलं. रिकामेपणी सपाट केलेली गाडी एवढ्या ओझ्याने मागून बसते, चढावरून डांबरी रस्त्यावर येताना बंपर घासते, सायलेन्सर कातळाला लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितला आहे. गावोगावच्या अरुंद, टोकदार गतिरोधकांना हे माप कुणी लावलेले दिसत नाही. तेव्हा खालचा एकेक सेंटिमीटर कामाचा आहे.

यापुढचा धोका समोरून येणाऱ्याला आहे, आणि मला सगळ्यांत जास्त चीड त्याचीच येते. चाकांमधले अंतर 2700 मिलिमीटर असलेली गाडी मागे चाळीस मिलिमीटरने बसली, तर हेडलाइटचा झोत पन्नास मीटरवर जवळजवळ पाऊण मीटर वर चढतो. डिपर साधारणतः शंभरास एक या उताराने खाली मारायचा असतो. इथे तो उतारच पुसला जातो. स्क्रू फिरवून झोत पुन्हा बसवता येतो, पण बसवला तो रिकाम्या गाडीसाठी. माणसे बसली की झोत पुन्हा वर, आणि डॅशबोर्डवरच्या नॉबलाही शेवटी मर्यादा असते. रात्रीच्या पावसात घाटाच्या वळणावर दुचाकीवाल्याचे डोळे दिपणे म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. अमेरिकेत नाक वर आणि शेपूट खाली अशा गाड्यांची टूम निघाली होती. नॉर्थ कॅरोलिनाने डिसेंबर 2021 पासून पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून उंच ठेवायला बंदी केली. आपल्याकडचा बदल एवढा टोकाचा नसतो, पण डोळ्यांवर येणाऱ्या झोताचे कारण एकच आहे.

‘गाडी माझी, पैसे माझे’ हा शेवटचा युक्तिवादही टिकत नाही. कंपनीने ठरवलेले मूळ रूप बदलेल असा फेरफार करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात स्पष्ट केले. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. पैशांचेच म्हणाल, तर सप्टेंबर 2025 पर्यंत मोठ्या एसयूव्हीवरचा चढा कर ठरवताना जीएसटी परिषद लांबी आणि इंजिनाबरोबर जमिनीपासूनची 170 मिलिमीटर उंचीही बघत होती, तीही रिकाम्या गाडीची. तेव्हा ज्यांनी या उंचीपोटी जास्त कर भरला त्यांनी तीच कापून टाकायची, यात हिशेब कुठला?

खाऱ्या हवेचाही विचार करा. कापलेल्या टोकाचा रंग गेलेला असतो, आणि देवगडची हवा उघड्या लोखंडाला सोडत नाही.

घाटात गाडी फार झुलत असेल तर शॉक आणि बुश तपासा, टायरमधली हवा पुस्तिकेत दिलेल्या मापाची ठेवा, छतावरचे ओझे उतरवा आणि वळणावर वेग कमी करा. मेस्त्रींना माझे सांगणे आहे की स्प्रिंग कापायला आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा, चार पैसे कमी मिळाले तरी. आणि ज्यांनी आधीच कापल्या आहेत त्यांनी चतुर्थीला माणसे भरण्यापूर्वी मूळ मापाच्या स्प्रिंगा परत बसवाव्यात, अलाइनमेंट करून घ्यावे आणि हेडलाइटचा झोत नीट लावून घ्यावा.