तलवारीच्या गोष्टीत यंत्रमानव? का नको?

दर रविवारी आमच्या दिवाणखान्यात नातवाचे मित्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला जमतात. (ज्या नातेवाइकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि वार लागला की हुकला ते फासे ठरवतात.) मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या सगळ्यात अबोल मुलाने भीत भीत विचारलं, "डोंगरातल्या गुहेत कोसळलेलं अंतराळयान सापडलं तर?" सूत्रधार म्हणजे आमचे नातू. फाडकन म्हणाले, "ही फँटसी आहे. इथे यंत्रंबिंत्रं चालत नाहीत." त्यानंतर तो मुलगा आलेला नाही.

मी तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो.

हा सोवळेपणा मुळात कुणाचा? हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी आणला. पुढच्याच वर्षी आर्नेसनच्या 'ब्लॅकमूर' पुस्तकात बेडकांचं मंदिर आलं, त्याचा महंत परक्या जगातून यंत्रं घेऊन आलेला! आणि १९८० साली गायगॅक्सचं 'एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स' निघालं. त्यात डोंगरातली गुहा म्हणजे चक्क कोसळलेल्या अंतराळयानाचं दार. म्हणजे जे खेळाच्या जन्मदात्यांना चाललं, ते आमच्या दिवाणखान्यात बाटतं!

नातवाचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. किरणांची बंदूक हातात आली की तलवारीला कोण विचारणार? पण त्यावरचा तोडगाही गायगॅक्सने तिथेच दिलाय. खेळाडूंना वस्तूचं नाव सांगायचं नाही, चित्र दाखवायचं. ती कशी चालते ते फासे टाकत टाकत उमगायचं, आणि चुकलं तर स्वतःलाच इजा. "तुला लेझर गन मिळाली" म्हणणाऱ्या सूत्रधाराने गोष्ट तिथेच मारली. "गुळगुळीत, थंड, दगड नाही आणि लोखंडही नाही, एका टोकाला भोक" म्हणा, मग बघा पोरं कशी पुढे सरकून बसतात. यंत्रमानव त्या शूरांच्या लेखी पिशाच्चच असणार. आणि बंदुकीची शक्ती चार वारांत संपवा की, तलवार कुठे पळून जात नाही!

मी जन्मभर शाळेत घंटेवर विषय बदलले. विज्ञान संपलं, मराठी सुरू. ती सोय वेळापत्रकाची होती, पोरांच्या डोक्यात घंटा नसते. त्या मुलाने नियम मोडला नव्हता. त्याला जे आवडतं ते घेऊन तो तुमच्या गोष्टीत यायला बघत होता. दार तुम्ही लावलंत.

नातवाला म्हटलं, त्याला फोन कर. "बघू" म्हणाला. आमचा ब्लॉग तो चोरून वाचतो हे मला माहीत आहे.

तर बाळा, वाचून झालं असेल तर फोन उचल. रविवारी पोहे एका माणसाचे जास्त करायला आजीला सांगून ठेवलंय.