दोन खोल्यांच्या घरात व्यायामाचे सामान

घरात व्यायामाचे सामान घ्यावे का, असा विषय काढला की आमच्या हातकणंगले भागात कोणीतरी हसतोच. "दिवसभर मागाजवळ उभे राहून जीव जातो, आता आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण मागावर, शिलाई मशीनवर किंवा कारखान्यात शरीर दमते ते ठरावीक हालचालींनी. पाय सुजतात, कंबर धरते, छातीचा दम मात्र वाढत नाही. दमणे वेगळे आणि दम वाढणे वेगळे. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे दम वाढवणारा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस ताकदीचा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. दम वाढवणारा म्हणजे केवढा? व्यायाम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी धाप लागली म्हणजे झाले.

आपल्या जिल्ह्यात तालमींना तोटा नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडच्या तिघा पोरांनी २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वजन उचलण्यात कांस्यपदके आणली, ती अशाच लहान गावातल्या व्यायामशाळेच्या जोरावर. पोरगा तालमीत जाईल हो, पण घरातली सून, पन्नाशीची आई जाणार कुठे? पाळी गेल्यावर बाईची हाडे झपाट्याने विरळ होतात, आणि ती टिकवायला वजनाचा व्यायाम उपयोगी पडतो. म्हणून आमचे मत असे की घरात सामान आणताना पहिला विचार घरातल्या बाईचा करावा, पोराच्या दंडाचा मागाहून.

आता धावण्याचे यंत्र, म्हणजे ट्रेडमिल. दुकानदार हप्त्यावर देतो, घडी होते म्हणून सांगतो. घडी होत असेल, पण वापरताना ते साडेपाच-सहा फूट लांब पसरते, आणि पाय घसरला तर माणूस मागे फेकला जातो म्हणून पाठीमागे आणखी सहा फूट मोकळे सोडावे लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत हे बसवायचे कुठे? शिवाय मोटर, पट्टा, विजेचे बिल. आमच्या पाहण्यातल्या एका घरी त्यावर आता चादरी वाळतात, आणि हप्ते मात्र शेवटपर्यंत भरावे लागले. आमचा सल्ला स्पष्ट आहे, घेऊ नका.

त्या जागी दोरी घ्या. खिळ्याला टांगता येते. मधोमध पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढल्या की त्या काखेपर्यंत याव्यात, हे तिचे माप. पंखा आणि तुळई पाहून, शक्यतो अंगणात मातीवर उड्या माराव्यात, नुसत्या फरशीवर गुडघे दुखतात. अर्धा मिनिट उड्या, अर्धा मिनिट विश्रांती, असे सुरू करावे. गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली बाई, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेली, गुडघेदुखीची माणसे यांनी उड्या मारू नयेत. चालणे किंवा उंबऱ्याच्या पायरीवर चढणे-उतरणे त्यांना बरे. तेही डॉक्टरांना विचारून.

ताकदीसाठी एक दांडी आणि काढता-घालता येणाऱ्या चकत्या असलेली डंबेलची जोडी पुरे. पाहिजे तेवढे वजन चढवायचे, उरलेले खाटेखाली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाजारात प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या स्वस्त चकत्या मिळतात. त्या बिडाच्या चकतीपेक्षा सुमारे तिप्पट जागा खातात आणि आपटल्या की फुटतात. आपल्याच तालुक्यात शिरोलीला बिडाचे ओतकाम करणाऱ्या फौंड्र्या आहेत, बीड म्हणजे काय हे आपल्याला दुकानदाराने शिकवायला नको. जुनी जोडी मिळाली तर जरूर घ्यावी, बीड काही म्हातारे होत नाही. फक्त दांडीचे आटे आणि दोन्ही टोकांचे नट तपासावेत.

पैसे जमेपर्यंत रिकामा कॅन आहेच. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, कोरडी वाळू भरली तर साधारण आठ. स्नायूला बीड आणि वाळू यांतला फरक कळत नाही. रबरी पट्टाही चांगला, तो खिशात मावतो. वापरण्याआधी ताणून भेगा पाहाव्यात, तुटला तर सरळ डोळ्यावर येतो. दाराच्या चौकटीत अडकवायचा लोंबकळण्याचा दांडा मात्र मातीच्या भिंतीच्या घरात नको. जोर-बैठकांना तर सतरंजीएवढीच जागा लागते, त्यांचे कौतुक कोणी करत नाही एवढेच.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी हे सामान जोडीला म्हणून वापरावे. भरतीत त्यांना आठशे मीटर आणि शंभर मीटर धावणे आणि चार किलोचा गोळा असतो. ताकद घरात वाढेल, पण धाव मैदानावरच काढावी लागते. पहाटे मैदानावर तिच्या सोबतीला बापाने किंवा भावाने जावे, हा खर्च हप्त्याशिवायचा आहे.

रक्तदाब असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास कोंडू नये, उचलताना सोडावा आणि खाली ठेवताना घ्यावा. घरात रांगते मूल असेल तर चकत्या उभ्या टेकवून ठेवू नयेत, आडव्या ठेवाव्यात.