शेजारची भाषा शिकायला व्हिसा लागतो का?

स्पेनला निघालेल्या मराठी मुलाला ‘स्पॅनिश कशाला शिकतोस?’ असं कुणी विचारत नाही. क्लासची फी बापच भरतो. तिथे भाडेकरार वाचायचा, डॉक्टरला दुखणं सांगायचं, तर भाषा हवीच. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा तरुणांना आधी जर्मन शिकवायचं ठरलं. त्यात कुणाला गुलामी दिसली नाही.

मग शेजारच्या गल्लीतली भाषा शिकायची म्हटली की आपल्या कपाळाला आठ्या का पडतात?

अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी घ्या. 1 सप्टेंबर 2023 रोजी तिथल्या उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाला आणि गावाचं नाव देशभर गेलं. मागणी कुणबी दाखल्याची होती. पुरावा होता निजामकाळच्या दप्तरात आणि त्यातले कितीतरी कागद मोडीत, उर्दूत, फारसीत. न्या. संदीप शिंदे समिती नोंदी शोधायला बसली, तेव्हा या लिप्या वाचणारी माणसं लागली. ज्या उर्दूला ‘त्यांची भाषा’ म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलं, तिच्यातच मराठा शेतकऱ्याच्या पणजोबाची नोंद निघू शकते. भाषेला धर्म चिकटवला की नुकसान कुणाचं होतं, हे यापेक्षा स्वच्छ कसं सांगायचं?

‘पण उर्दू आमच्यावर लादली होती,’ असं मराठवाड्यातला माणूस म्हणेल. खरं आहे. 1884 पासून हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चालला, 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच होतं. मराठी पोरांच्या जिभेवरची ती सक्ती आपण मुसलमानांनी नाकारू नये. सक्ती कुणाचीही असो, तिची फळं कडूच. खुद्द स्पेनमध्ये 1567 साली राजाने ग्रानाडाच्या मोरिस्को लोकांना फर्मावलं की तीन वर्षांत स्पॅनिश शिका आणि अरबी सोडा. पुढच्याच वर्षी बंड झालं, 1609 पासून त्या लोकांना देशाबाहेर काढण्यात आलं. माणसं गेली, शब्द मात्र राहिले. स्पॅनिश माणूस आजही ‘फुलानो’ म्हणतो, आपण ‘फलाणा’ म्हणतो; दोन्हींचं मूळ एकच अरबी. अंतरवालीच्या मंडपातलेही हक्क, दाखला, अर्ज, जिल्हा हे शब्द त्याच वाटेने मराठीत आले.

आता आपल्या घरात बघू. उर्दू माध्यमाच्या कितीतरी मुलांसाठी मराठी म्हणजे गाइड पाठ करून काढायचा एक पेपर. पुढे हाच मुलगा पोलीस ठाण्यात जातो, तेव्हा त्याची फिर्याद दुसरा लिहितो. पंचनाम्यावर तो न वाचता सही करतो. सातबारा, कर्जाचा कागद, नोटीस सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचतो. ज्याचे कागद दुसरा वाचतो, त्याचे हक्कही दुसऱ्याच्याच हातात असतात. हे आपण ‘तहजीब जपतो’ या नावाखाली किती दिवस झाकणार?

मराठीने उर्दू मरेल ही भीती फोल आहे. माद्रिदला गेलेला पोरगा स्पॅनिश शिकून आईशी मराठी बोलायचं विसरत नाही.

आणि ‘मराठी शिका, नाहीतर चालते व्हा’ म्हणणाऱ्यांनाही ठणकावून सांगू. स्पेन परीक्षा घेतो ती नागरिकत्व मागायला आलेल्या परक्याची. आम्ही परके नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला तो कुणाची परवानगी काढून नव्हे. 1990 मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही निष्ठेचा दाखला मिळवायला नव्हे. मराठी आमच्या घरची आहे; घरच्या माणसाची परीक्षा घ्यायची नसते.

मागणी साधी आहे. उर्दू शाळांत मराठी अशी शिकवा की मूल स्वतःची फिर्याद स्वतः लिहील. मराठवाड्यातल्या मराठी शाळांत ज्याला हवी त्याला उर्दू आणि मोडी लिपी शिकू द्या, म्हणजे पणजोबाचा कागद वाचायला समितीची वाट पाहावी लागणार नाही.