काटा खोटा कीं एंजिन तापलें?

जुनी डिझेल मोटार घरांत असणें म्हणजे एक वयस्क पण कष्टाळू माणूस घरांत असण्यासारखेंच आहे. ती सहसा तक्रार करीत नाहीं. पण केलीच, तर ती खरी कीं भासमान, हें घरच्या मंडळींस चटकन उमगत नाहीं. आपल्याकडे १९८० सालीं अँबॅसडर गाडीस डिझेल एंजिन मिळालें आणि १९९८ सालीं पुण्याची टाटा इंडिका बाहेर पडली. पहिलीचें उत्पादन २०१४ मध्यें व दुसरीचें २०१८ मध्यें थांबलें. तरी अशा गाड्या जपून ठेवणारीं घरें आहेत. त्यांच्यासाठीं डॅशबोर्डवरील उष्णतेचा काटा व तांबडे दिवे यांविषयीं चार गोष्टी या खेपेस सांगावयाच्या आहेत.

एकत्र कुटुंबांत गाडी एकाच हातीं राहत नाहीं. आज वडील नेतात, उद्यां चिरंजीव, परवां सूनबाई. प्रत्येकजण पुढच्यास सांगतो, “तो दिवा नेहमींच लागतो, तिकडे लक्ष देऊं नका.” गाडीचा घात बहुधा या एका वाक्यानें होतो. काटा बिघडला असेल तर दुरुस्ती थोडक्यांत होते. पण काटा खरा असून आपण त्यास खोटा ठरविलें, तर सिलिंडर-हेड वांकडें होऊन किंवा त्याखालचें गॅस्केट जळून एंजिन उघडण्याची पाळी येते. म्हणून पहिला नियम असा कीं, जोंवर दुसऱ्या साक्षीदारानें खोटें ठरविलें नाहीं तोंवर काटा खरा मानावा.

हा दुसरा साक्षीदार कोण? कारखान्यांत वापरतात तो लांबून उष्णता मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर. कपाळाचा ताप पाहण्याचें घरगुती साधन येथें चालत नाहीं, कारण त्याची मजल तापाच्या अंशांपुरतीच असते. थर्मोस्टॅटच्या झांकणावर काळ्या चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावून तेथें मोजावें. चकचकीत धातूवर मोजल्यास आंकडा खोटाच कमी येतो. थर्मोस्टॅट बहुधा ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तितकाच आंकडा दिसत असून काटा तांबड्या रेषेवर असेल, तर दोष काट्याकडे आहे असें समजावें.

तपासणीपूर्वीं एक ताकीद. गरम एंजिनाच्या रेडिएटरचें टोपण कधींही उघडूं नये. समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांवर उकळतें, महाबळेश्वरीं सुमारें ९५ अंशांवर, आणि टोपणाच्या दाबाखालीं तें १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. टोपण काढतांच दाब नाहींसा होऊन तें पाणी एकाएकीं उसळतें व हात-तोंड भाजतें.

आतां काट्याची रचना पाहूं. पुष्कळ जुन्या गाड्यांत एंजिनाच्या पाण्याच्या वाटेंत एक लहानसा पितळी सेन्सर बसविलेला असतो. पाणी तापलें कीं त्याचा विजेस होणारा विरोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि काटा चढतो. एकाच तारेचा सेन्सर असेल तर परीक्षा सोपी आहे. एंजिन बंद ठेवून किल्ली चालू करावी व सेन्सरवरील तार काढावी. काटा थंडाच्या बाजूस पडला पाहिजे. मग तारेचें टोंक एंजिनाच्या उघड्या धातूस क्षणभर टेकवावें. काटा वर चढूं लागेल. चढूं लागतांच तार दूर करावी. या दोन्ही गोष्टी घडल्या तर काटा व तार निर्दोष असून संशय सेन्सरवर येतो. तार काढूनही काटा वरच राहिला, तर तार कोठें तरी घांसून उघडी पडली आहे किंवा मापकच बिघडला आहे. ज्या एंजिनाचा कारभार संगणकाकडे आहे, त्यावर मात्र हा प्रयोग करूं नये.

नवा सेन्सर बसवितांना मिस्त्री कधीं कधीं आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतात. अशा सेन्सरचा विजेचा परतीचा मार्ग त्या आट्यांतूनच असतो. तो अडला कीं काटा खरें तापमान दाखवीतच नाहीं. उष्णतेचा व इंधनाचा असे दोन्ही काटे एकदम वर जात असतील, तर सेन्सर निर्दोष मानून दोहोंना सारखा विद्युत्दाब पुरविणारा स्टॅबिलायझर व त्याची अर्थिंगची तार तपासावी. पुढचे दिवे लावतांच दोन्ही काटे हलले, तर बहुधा ती तारच सैल असते.

सर्वांत फसवी गोष्ट आतां येते. पाणी गळून कमी झालें म्हणजे सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो. मग एंजिन भाजून निघत असतांही काटा खालीं येतो आणि चालविणाऱ्यास उलट बरें वाटतें! घाट चढतांना वर गेलेला काटा कारणावांचून एकाएकीं पडला, तर समाधान न मानतां गाडी थांबवावी आणि एंजिन पुरतें निवल्यावर पाणी पाहावें.

दिव्यांपैकीं तेलाचा दिवा सर्वांत मानाचा. किल्ली फिरवितांच तो लागला पाहिजे व एंजिन सुरू होतांच विझला पाहिजे. मुळींच लागत नसेल तर पहारेकरी झोंपला आहे असें समजून बल्ब बदलावा. चालत्या गाडींत लागला, तर बाजूस घेऊन एंजिन तत्काळ बंद करावें. कांहीं जुन्या डिझेल गाड्यांत त्यासाठीं वेगळी मूठ ओढावी लागते. पट्टीवर तेल पुरेसें दिसलें तरी तेवढ्यावर निघूं नये. दिव्याच्या स्विचच्या जागीं दाबमापक लावून खरा दाब मोजवून घ्यावा. दाब योग्य भरला तरच स्विचला दोष द्यावा.

बॅटरीच्या दिव्याची गंमत डिझेल गाडींतच दिसते. जुन्या डिझेल एंजिनास ठिणगी लागत नाहीं. त्यामुळें वीज भरणें थांबलें तरी तें धावत राहतें व हा दिवा दुर्लक्षिला जातो. परंतु पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटर व पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. म्हणून बॅटरीचा दिवा लागून पाठोपाठ उष्णतेचा काटा चढूं लागला, तर पट्टा तुटला असें धरून लगेच थांबावें.

शेवटीं एक घरगुती उपाय. गाडींत एक लहान वही ठेवावी. गाडी निरोगी असतांना सपाट रस्त्यावर व घाटांत काटा कोठें असतो, कोणता दिवा केव्हां विझतो, पाणी व तेल कधीं घातलें, हें ज्यानें गाडी नेली त्यानें दोन ओळींत लिहावें. कोणतीही खूण बदलली कीं तिचें कारण सांपडेपर्यंत ती नोंद खोडूं नये. असें केल्यास “तो दिवा नेहमींच लागतो” असें म्हणण्याचा प्रसंग घरांत कोणावरही येणार नाहीं.