ठाण्यातले चोवीस तास कोणाच्या घड्याळाने?



वेचणी ऐन रंगात असते आणि नेमका तेव्हाच जिल्ह्यात मंत्री येतो. मग आमच्या कार्यकर्त्याच्या दारात ठाण्याचा शिपाई उभा. "साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांचं काम आहे." आमच्या एकाची ती पाच मिनिटे दोन रात्री चालली. बाकड्यावर बसवून ठेवला, मोबाइल काढून घेतला, घरी कोणाला कळवले नाही. मंत्र्याच्या गाड्यांची धूळ खाली बसल्यावर सोडला. डायरीत नोंद मात्र दुसऱ्या दिवशी दुपारची. म्हणजे कागदावर सारे चोवीस तासांच्या आत!

आम्ही संतापलो. पण खरे बोलायचे तर हे घड्याळ मागे-पुढे करायला ठाणेदाराला कोणी शिकवले? आम्हीच. आदल्या साली गावच्या तीन विहिरींवरच्या मोटारी गेल्या, तेव्हा पारधी बेड्यावरची दोन पोरे उचलली होती. चार दिवस ठेवली. "साहेब, चांगली हाणा" असे ठाण्यात जाऊन सांगणारे आमच्याच गावचे होते. चहासुद्धा आम्हीच पाजला. मोटारी काही सापडल्या नाहीत.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. आमच्या डोक्यातून तो गेला का?

"चोराला कसले आले हक्क?" असे पारावर विचारतात. अरे, तो चोर आहे हे ठरवले कोणी? घटनेचे कलम २२ काढून बघा. अटक झालेल्या कोणालाही कारण सांगितले पाहिजे, त्याला पसंतीचा वकील गाठता आला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. कलम २० म्हणते, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. तिथे सातबारा विचारलेला नाही, जात विचारलेली नाही. डॉ. आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी हे अटकेचे कलम घटना समितीपुढे मांडले, कारण नुसते 'कायद्याने ठरवलेल्या रीतीने' एवढ्यावर माणसाचे स्वातंत्र्य सोडले तर सरकार हवा तसा कायदा करील, ही भीती सभासदांना होती. त्याच कलमात विनाचौकशी स्थानबद्धतेला वाट ठेवली आहे, तिचा राग आम्हाला आहेच. पण तो वेगळा लेख होईल.

आणि मारून मिळते काय? पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. पोरे सुजतात, खरा चोर आपल्याच विहिरीकडे पुन्हा येतो.

आता घड्याळाचे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितले आहे की माणसाला अडवून ठेवले त्या क्षणापासून अटक सुरू होते, पोलिसाने कागदावर लिहिलेल्या वेळेपासून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी हे सारे बंधनकारक केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही यातले बरेच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, यांच्या पीठाने अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिलीच पाहिजेत असा निकाल दिला.

प्रतिबंधात्मक अटकेचे कलम आता १७० आहे, पूर्वीचे १५१. दखलपात्र गुन्ह्याचा बेत असल्याचे पोलिसाला माहीत हवे आणि अटकेवाचून तो टळणार नाही असे दिसायला हवे, तरच हे कलम. कापसाच्या भावाचे निवेदन देणे हा कोणता दखलपात्र गुन्हा, ते ठाणेदाराने आम्हाला लिहून द्यावे!

तेव्हा बोलावणे आले की लेखी आदेश मागा. साक्षीदार म्हणून बोलावले असेल तर बाईमाणसाला आणि साठीपुढच्या म्हाताऱ्याला ठाण्यात ओढता येत नाही, पोलिसाने घरी यावे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. सोबत दोघे जा, किती वाजता आत गेलात ते बाहेर थांबणाऱ्याने लिहून ठेवावे. कोठडीतल्या माणसाला तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो, मिळकत कितीही असो.

आणि हे सारे बेड्यावरच्या माणसासाठीही करायचे आहे. पुढची मोटार चोरीला गेली की ठाण्यात आम्ही जाऊ ते पोरे किती वाजता आणली हे विचारायला. गावात याला विरोध होईल, माहीत आहे. मागच्या बैठकीतच दोघे उठून गेले.

त्या दोन पोरांच्या बापाला जिल्हा बैठकीचा निरोप दिला आहे. अजून होकार आलेला नाही.