कागद कोरा का राहतो?

६ डिसेंबर किंवा १४ एप्रिल जवळ आला की नांदेड-लातूरहून आमच्याकडे लेखांचा गठ्ठा येतो. लिहिणारी बहुतेक महाविद्यालयात शिकणारी पोरे. सुरुवात ठरलेली: महामानव, युगपुरुष, प्रज्ञासूर्य. दोन परिच्छेदांत विशेषणे संपतात आणि लेखही संपतो. उदगीरकडच्या एका विद्यार्थ्याने मात्र सरळ कळवले, "चार दिवस कागद पुढे घेऊन बसलोय, काहीच सुचत नाही." आम्ही त्याला एवढेच विचारले, लातूरला शिकायला आलास तेव्हा भाड्याची खोली कशी मिळाली? उत्तर सात पानांचे आले. आधी आडनाव विचारणारा घरमालक, 'कालच दिली' म्हणणारा दुसरा, आणि आठवड्याने त्याच खोलीत राहायला गेलेला त्याचाच वर्गमित्र! ही सात पाने आम्ही छापणार आहोत.

ही वाट आम्ही शोधलेली नाही. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कसे समजावे, हा प्रश्न खुद्द बाबासाहेबांपुढे होता. एवढा ग्रंथांचा अभ्यास असूनही 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी सिद्धांत मांडला नाही. वडिलांना भेटायला निघालेल्या तहानलेल्या पोरांची बैलगाडी, बडोद्यात राहायला न मिळालेली जागा, १९३४ साली दौलताबाद किल्ल्यावर पाण्यावरून झालेली अडवणूक, हे सांगितले. दौलताबाद तर आपल्याच मराठवाड्यातले. पुढे १९७९ साली प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' आले. आईबापाविना वाढलेल्या पोराची ती हकीकत उदगीरच्या मुलखातली आहे, उसनी नाही.

'तेच ते रडगाणे किती दिवस?' असे प्रस्थापित म्हणतात, हल्ली आपल्यातलेही म्हणू लागलेत. त्यात थोडे तथ्य आहे. न भोगलेली भूक लिहायला बसलात तर तीही विशेषणच ठरेल. बापाची भूक बापाला सांगू द्या, तुम्ही खोलीचे लिहा.

पण बापाला, आजीला विचारणार कोण? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि आठ दिवसांत मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. शहिदांची नावे आपल्या ओठांवर आहेत. परंतु त्या रात्री शेताशेतांतून पळालेल्या बाया कुठे थांबल्या, घराबरोबर कोणाचा शाळेचा दाखला जळाला, कोणत्या दाराने आत घेतले आणि कोणते बंद झाले, हे फक्त त्यांच्याच डोक्यात आहे. तेव्हा विशीत असलेला माणूस आज सत्तरीकडे झुकला आहे. तो गेला की उरतील फक्त पोलिसांचे पंचनामे.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुन्हा लिहिले आहे: सुट्टीत गावी जाशील तेव्हा आजीला विचार, १९७८च्या पावसाळ्यात ती कुठे होती. वही घेऊन बस. मोबाइलवर तिचा आवाज भरून घेतलास तरी चालेल, पण ती सांगेल त्याच शब्दांत आम्हाला पाठव.