रॅप कुणाचा?

"रॅप म्हणजे अमेरिकेतला धांगडधिंगा. त्याचा आपल्या अहेरीशी काय संबंध?" असे वडीलधारी माणसे म्हणतात. उलट आपल्यातले काही विद्यार्थी मुंबईच्या मुलांचे हातवारे आणि त्यांची हिंदी जशीच्या तशी उचलतात. ज्याने लोकल गाडी डोळ्यांनी पाहिली नाही, तो लोकलच्या गर्दीवर गातो! माझ्या मते दोघांचेही चुकते. एक जण परका म्हणून रॅप नाकारतो, तर दुसरा परका म्हणूनच त्याला डोक्यावर घेतो.

या गाण्याचा जन्म श्रीमंताच्या दिवाणखान्यात झाला नाही. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स या गरीब वस्तीत, जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने रेकॉर्डच्या तालावर ही चाल सुरू केली. पुढे जगात जिथे जिथे माणसाची मुस्कटदाबी होती, तिथे तिथे ती पोहोचली. ट्युनिशियात एल जनराल या तरुणाने थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून गाणे म्हटले, आणि जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत राष्ट्राध्यक्षांनाच देश सोडावा लागला. ब्राझीलमध्ये ग्वारानी-कायोवा आदिवासी मुलांचा 'ब्रो एमसीज' हा गट २००९ पासून स्वतःच्या भाषेत जमिनीचे दुःख गातो आहे. त्यांनी अमेरिकेचा ताल घेतला, जीभ मात्र आपलीच ठेवली.

आपल्या महाराष्ट्रातही हेच घडले. मुंबईच्या कुर्ल्यातील नेझीने २०१४ साली आयपॅडवर आपले गाणे चित्रित केले. २०१५ मध्ये त्याचे आणि डिव्हाइनचे 'मेरे गली में' गाजले, आणि २०१९ मध्ये त्यांच्या जीवनावरून स्फुरलेला 'गली बॉय' हा चित्रपट आला. अमरावतीचा विपिन तातड मराठीतून जातीच्या प्रश्नावर रॅप करतो. महादेव कोळी समाजातील माही जी ही तरुणीही मराठीतून गाते. आणि आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण आरेच्या जंगलातले आहे. 'स्वदेसी' या गटाने तेथील वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. त्याच आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. जंगल तुटण्याचे दुःख अहेरीच्या माणसाला समजावून सांगावे लागते काय?

कुणी म्हणेल, रॅपमध्ये 'मी, मी' फार असते आणि आपला रेला तर सर्वांनी मिळून गोल धरून गायचा असतो. हा आक्षेप खरा आहे. शिवीगाळ आणि फुशारकी आपल्याला नकोच. पण भोईरांचे गाणे ऐकले की कळते, जुना सूर आणि नवा ताल एका मांडवात नांदू शकतात. शाहिरानेही डफावर थाप मारून बातमी, इतिहास आणि जाब हे सारे एकाच गाण्यात सांगितलेच की!

खरे दुखणे वेगळेच आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्या घरी माडिया बोलतात, बाजारात तेलुगू कानावर पडते आणि वर्गात मराठी असते. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख लोक नोंदले गेले, तरी गोंडीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा नाही. आणि स्नेहसंमेलनात आमची भाषा येते ती फक्त 'आदिवासी नृत्य' म्हणून! डोक्याला पिसे बांधून नाचा, टाळ्या मिळतील. पण बोलायचे असेल, भांडायचे असेल, विचार सांगायचा असेल, तर मराठीत किंवा हिंदीत या. आमचे पाय चालतात, आमचे तोंड चालत नाही. हे कुठवर चालणार?

रॅप म्हणजे तालात बोलणेच. म्हणून आपल्याला त्याचा उपयोग आहे. त्याला महागडी वाद्ये लागत नाहीत. एक मोबाईल आणि सांगण्यासारखे काही असले की पुरे. आणि सांगण्यासारखे आपल्याकडे काय कमी आहे? तेंदूपानाचा हंगाम, पावसाळ्यात तुटणारा रस्ता, सुरजागडचे लोहखनिज आणि त्याच्या ट्रकांची धूळ, गावाला कधीच वेळेवर न येणारी गाडी!

माझी सूचना साधी आहे. पुढच्या स्नेहसंमेलनात नृत्याच्या जोडीला 'आपल्या बोलीत बोला' असा एक कार्यक्रम ठेवावा. गोंडी, माडिया, तेलुगू, झाडीबोली, ज्याची जी असेल ती. ताल कुठलाही असो. ज्याला कळणार नाही त्याने शेजारच्या मित्राला अर्थ विचारावा. आजवर आम्ही वर्गात तेच करत आलो आहोत.